डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कोणाचं? वाडीचं, बागायतदाराचं की जनावरांचं?

कातळावरचा
नमस्कार मंडळी,

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. वाडीच्या वर वनखात्याच्या हद्दीत एक बारमाही झरा आहे. त्याखाली दगडात कोरलेली जुनी कुंडी. ती भरली की पाणी ओसंडून पऱ्ह्याला (ओढ्याला) लागतं. शिमगा उलटला की वाडीतल्या विहिरी तळ गाठतात, मग आम्ही कुंडीत काळा पाइप टाकून पाणी खाली आणतो. पाइप नव्हते तेव्हा पोफळीच्या पन्हळी लावून आणायचे.

यंदा सगळंच एकदम आलं. वनरक्षकांनी सांगितलं की वनजमिनीतून पाइप न्यायला परवानगी लागते, काढून घ्या. झऱ्याच्या वरच्या अंगाला मालकीच्या जमिनीत बाहेरगावच्या एका बागायतदाराने काजूसाठी बोअर मारली आणि झऱ्याची धार निम्म्यावर आली. आणि कुंडी खडखडीत झाल्यावर गवे नि डुकरं थेट वाडीत, गुरांच्या डोणीवर येऊ लागली.

माझं मत असं, की पाण्याचे कायदे जनावरांना ओळखत नाहीत आणि जनावरांच्या कायद्याला अभयारण्याबाहेरचं पाणी दिसत नाही. राज्याने कायदा करून प्रत्येक झऱ्यावर एक वाटा तिथेच सोडण्याची सक्ती करावी. वाडीने पाणी न्यावं, पण कुंडी रिकामी करू नये. आमच्यावरही ही सक्ती असावी.

कायद्यातली जाणती माणसं इथे आहेत. आज हातात काय आहे आणि काय नाही, ते सांगा.

हापूसवाला देवगड
कुंडी भरलेली ठेवायची ती डुकरांसाठी? भाऊ, माझ्याकडे या एकदा. रात्रभर बॅटरी घेऊन राखण करायची आणि सकाळी झाडांची आळी उकरलेली बघायची. पाणी आधी माणसाला, मग बागेला, उरलं तर जनावराला.

सुमनताई
बागेच्या आधी माणसाला म्हणालात, तेवढं बरं वाटलं. पाणी कोण आणतं ते या धाग्यावर अजून कोणी बोललेलं नाही. आमच्या वाडीत बायका पहाटे झऱ्यावर नंबर लावतात. करवंटीने पाणी भरून हंडा भरायला किती वेळ लागतो ते ज्यांनी भरलंय त्यांनाच ठाऊक. घरोघरी नळ बसलेत, मीटरही बसलेत, पण योजनेचा उद्भवच, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोतच, मार्चमध्ये आटतो. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरलंय. ते कागदावरचं पाणी कुठल्या झऱ्यातून येणार, हे आधी विचारा. जनावरांचा वाटा ठेवायला माझी ना नाही, पण तो बायकांच्या हंड्यातून काढू नका.

कातळावरचा
ताई, अगदी मान्य. म्हणूनच बोअरचा प्रश्न मला पाइपपेक्षा मोठा वाटतो. आमच्या पाइपने कुंडी रिकामी व्हायची, बोअरमुळे झराच मरेल.

वकीलकाका
धागा चांगला काढलात. पाणी, जमीन आणि जनावर यांचे कायदे एकात एक मिसळलेत, ते वेगवेगळे करून सांगतो. थोडं लांबेल.

वाहतं पाणी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २० बघा. नद्या, ओढे, नाले, त्यांची पात्रं आणि साचलेलं-वाहतं पाणी ही राज्य शासनाची मालमत्ता, कोणाचा हक्क सिद्ध झाला असेल तेवढं सोडून. म्हणजे पऱ्ह्याचं पाणी वाडीच्या मालकीचं नाही, बागायतदाराच्याही नाही. तुमचा असतो तो वापराचा हक्क.

वहिवाट. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ नुसार खाजगी जमिनीवर वीस वर्षं आणि सरकारी जमिनीवर तीस वर्षं उघडपणे, अडथळ्याविना वापर असेल तर हक्क पक्का होतो. पण जमीन राखीव वन असेल तर हे चालत नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २३ म्हणतं की राखीव वनात वारसाने किंवा शासनाने दिलेल्या हक्काखेरीज नवा हक्क तयार होत नाही. म्हणून वन राखीव करताना कोणते हक्क नोंदवले ते शोधा. तेव्हा वनजमाबंदी अधिकाऱ्याकडे पाण्याच्या प्रवाहावरचे दावेही सांगता येत होते. तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी सांगितला असेल तर तो कागद सोन्याचा.

त्याच कायद्यात कलम २५ आहे. राखीव वनातला जुना पाण्याचा प्रवाह वनखात्याला बंद करायचा असेल तर राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते आणि पर्यायी सोय अगोदर असावी लागते. जुनी पन्हळ किंवा पाट नोंदीत असेल, तर तोंडी सांगून तो बंद करता येत नाही.

बोअर. १८८२ च्या त्याच कायद्यात आपल्या जमिनीखालचं, ठरावीक पात्रातून न वाहणारं पाणी मालकाने आपल्या हद्दीत घ्यावं, असं आहे. सगळी गोची तिथे आहे. झरा म्हणजे जमिनीखालचं पाणीच, फक्त डोंगराच्या कुशीत बाहेर पडलेलं. बाहेर पडलं की शासनाचं, आत असेपर्यंत बोअरवाल्याचं.

चिपळूणकर
काका, शेवटचं वाक्य मी लिहून घेतलं. एकाच थेंबाचे दोन मालक!

उदय_पुणे
भूजल अधिनियम आहे ना पण? महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९, अंमल २०१४ पासून. विहिरींची नोंदणी, अधिसूचित क्षेत्रात खोल विहिरींना बंदी, पाणलोट क्षेत्राची समिती, सगळं आहे त्यात. त्याआधीच्या १९९३ च्या कायद्यातही सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला मनाई होती.

वकीलकाका
बरोबर. पण 'सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत' हे शब्द नीट वाचा. वाडीने स्वतः टाकलेला पाइप म्हणजे सार्वजनिक स्रोत होत नाही. ग्रामपंचायतीने तो झरा योजनेचा उद्भव म्हणून नोंदवला तर संरक्षण मागता येतं. कोकणातल्या कित्येक झऱ्यांची कुठल्याच दफ्तरात नोंद नाही. शिवाय हा कायदा घडवताना डोळ्यासमोर होते ते द्राक्ष-उसाच्या पट्ट्यातले बोअरवेल. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात टँकर, हे कोकणचं गणित त्यात बसत नाही.

माजी वनरक्षक
नोकरी जंगलात गेली, म्हणून लिहितो. वनरक्षकाला दोष देऊ नका. पाइप दिसून त्याने कळवलं नाही तर उद्या त्याचीच चौकशी लागते.

झरा बघायचा कसा ते सांगतो. कुंडीच्या काठच्या चिखलात बसून बघा. गव्याचा खूर गोल आणि रुंद उमटतो, डुकराचा लहान, मागे दोन टिंबं. साळिंदराचा काटा पडलेला असतो. कुंडीत मुठे (लहान खेकडे) असतात, बेडकांची पिल्लं असतात, दगडाला चिकटून राहणारे बोटभर मासे असतात. गवा चार मैल चालून दुसरं पाणी गाठतो. मुठा आणि मासा कुठे जाणार? कुंडी एकदा तळापर्यंत उपसली की ती वस्ती संपली, मग पावसात पाणी आलं तरी वरच्या झऱ्यावर ते परत चढत नाहीत.

आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात असाच एक लहानसा मासा मिळाला, जगाला नवीन. त्याला नावही हिरण्यकेशीचंच दिलं. २०२१ मध्ये राज्याने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कायदा जैविक विविधता अधिनियम २००२. देऊळ आहे, गावाचा वावर आहे, माणसं तीर्थ घेतात आणि मासाही आहे. म्हणजे माणसाला हाकलून न देता पाणी राखता येतं.

मालवणी झील
अरे बाबांनो, कायदो कितीव करा, माकडाक वाचूक येणा नाय! माझ्या माडार एक शहाळा ठेवक नाय मेल्यांनी.

हापूसवाला देवगड
@मालवणी झील, लाख बोललात. वनरक्षकसाहेब, मुठ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, डुकराबद्दल आहे. राज्य सरकारने डुक्कर नि माकड 'उपद्रवी' जाहीर करून टाकावं, एका ओळीचा कायदा. पाणी-बिणी कशाला मधे आणता?

शेतीसंरक्षणाची बंदूक आहे माझ्याकडे, रीतसर परवान्याची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. लोकसभा नेमकी आंबा-काजूच्या हंगामात येते. महिनाभर हात बांधून बसायचं.

वकीलकाका
एका ओळीचा कायदा राज्याला करता येत नाही, त्याचं कारण सांगतो. राज्यघटनेत पाणी हा राज्यसूचीतला विषय. वने आणि वन्यप्राणी मात्र १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र-राज्य दोघांच्या यादीत, गेले आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ हा केंद्राचा. कलम ६२ खाली एखादा प्राणी ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला. राज्य शिफारस करू शकतं, बस. केरळ विधानसभेने २०२५ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करणारं विधेयक मंजूर केलं, पण असं विधेयक केंद्राच्या कायद्याला छेद देत असेल तर राष्ट्रपतींच्या संमतीवाचून पुढे सरकत नाही.

राज्याच्या हातात आहे ते त्याच कायद्याचं कलम ११. अनुसूची दोनमधला (त्या कायद्यातल्या प्राण्यांच्या दुसऱ्या यादीतला) प्राणी पिकाचं नुकसान करत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी, कारणासहित शिकारीची परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर त्याच अनुसूचीत आहे. तेव्हा डुकरासाठी अर्ज करा. मोर किंवा गव्यासाठी हा रस्ता नाही, ते अनुसूची एकमध्ये.

नुकसानभरपाईचा वेगळा राज्य कायदा २०२३ मध्ये झाला. नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत लेखी कळवा, पोच घ्या.

हापूसवाला देवगड
अर्ज केलेला आहे काका. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पडलेला मोहोर वाऱ्याने उडून जातो. मोहोराचा पंचनामा कसा करणार? झाडावर लागलेला आंबा मोजता येतो, न लागलेला कसा मोजायचा?

सुमनताई
हा प्रश्न खरा आहे. माझा तुमच्याशी वाद नाही, देवगडकर. माझ्या परसातल्या भोपळ्याची, अळूची तीच गत. पण फासक्या लावणारे लोक बघितलेत ना? डुकरासाठी लावलेल्या वायरच्या फासकीत आमच्याकडे बिबट्या अडकला. पाय अडकलेल्या जनावराचं ते ओरडणं वाडीने रात्रभर ऐकलं. मुलं भेदरून गेली होती. तो रस्ता मला नको.

खाडीवरची
विहिरीत पडलेल्या बिबट्याचं कोणी लिहिलं नाही अजून. आमच्या गुहागर पट्ट्यात दर थोड्या दिवसांनी बातमी. विहीर काठोकाठ जमिनीला लागून, कठडा नाही, वर गवत वाढलेलं. रात्री कोंबडी-कुत्र्यामागे धावताना तो आत पडतो. सकाळी बाईमाणूस पाण्याला जातं, डोकावतं आणि हंडा टाकून पळतं. मग वनखात्याची माणसं येतात, आधी दोरीने बाज नाहीतर फळी सोडतात म्हणजे तो वर चढून दम खातो, मग पिंजरा उतरवतात. अख्खं गाव काठावर उभं असतं, त्याच काठावर, ज्याला कठडा नाही!

भूजल कायद्यात विहिरींची नोंदणी करायचीच आहे, तर नोंदणीबरोबर कठडा सक्तीचा का करत नाहीत? बिबट्या वाचेल, वासरू वाचेल आणि शाळेतून येणारं पोरही वाचेल. एवढ्या एका नियमावर हापूसवाले आणि वनरक्षककाका दोघं सही करतील.

हापूसवाला देवगड
करतो. ही घ्या सही.

माजी वनरक्षक
माझीही.

मालवणी झील
इतिहास घडलो, लिवन ठेवा.

चिपळूणकर
जरा मोठं चित्र. आमच्या पोफळी गावाला कोयनेचं पाणी वीज करून खाली येतं. कृष्णा लवादाने १९७६ च्या निवाड्यात पश्चिमेकडे वळवायला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. ते कोळकेवाडीतून वाशिष्ठीला मिळतं आणि वाशिष्ठी समुद्राला. नदीच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांवर मे महिन्यात टँकर फिरतात. एवढं पाणी डोळ्यांसमोरून जातं आणि आपण कुंडीतल्या चार हंड्यांवर भांडतोय. वीज करून सोडलेल्या या अवजलाचं काय करायचं यावर किती बैठका झाल्या असतील!

उदय_पुणे
अवजल उचलून डोंगरावर न्यायला वीज लागेल. आधी वीज करायची, मग तीच वीज खर्चून पाणी परत चढवायचं?

चिपळूणकर
काही उंचीपर्यंत कालव्याने येतं, सगळीकडे उचलावं लागत नाही. पण राहू दे, वेगळा धागा काढतो. आमच्या वाशिष्ठीत मगरीही आहेत, अनुसूची एकमधल्या. त्या पाण्यावर त्यांचाही हक्क धरायचा का, हेही त्या धाग्यात.

दोडामार्गकर
हत्तींबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. २००२ पासून कर्नाटकातून येतात. तिलारी धरणाचं पाणी, बाजूला केळी, माड, भात. त्यांना आणखी काय हवं? तिलारीचं बहुतेक पाणी करारानुसार गोव्याला, जमीन बुडाली ती आमची, हत्ती आमच्या केळीत. या पाण्याचे वाटे करताना दोन राज्यं बसली होती, हत्तीचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. तेव्हा ते इथे नव्हतेही म्हणा, पण आता आहेत. जुन्या करारात नवीन वाटेकरी आला तर त्याची सोय कुठल्या कायद्यात आहे?

२०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र झालं, २९.५३ चौरस किलोमीटर. गावात तेव्हा भीती होती की आता पाणी, लाकूड, वाट सगळं बंद.

वकीलकाका
दोडामार्गकर, ही भीती दूर करतो, आणि यात मूळ प्रश्नाचंही उत्तर आहे.

वन्यजीव कायद्याच्या कलम २९ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने एक महत्त्वाची गोष्ट आली. अभयारण्यात येणारं किंवा तिथून जाणारं पाणी परवान्याशिवाय वळवायचं नाही, अडवायचं नाही, वाढवायचंही नाही. आणि परवाना द्यायचा तो वन्यजीवांच्या भल्यासाठी असेल तरच. पाण्यावर जनावराचा हक्क असा थेट मानणारी, मला ठाऊक असलेली ही एकच तरतूद. पण ती अभयारण्यापुरती, आणि कलम ३५ मुळे राष्ट्रीय उद्यानाला. संवर्धन राखीव क्षेत्राला कलम ३६अ ने जी कलमं लावली त्यांत २९ नाही. शिकारीला बंदी आहे, वणव्याला बंदी आहे, पाणी वळवायला या कलमाची बंदी नाही. त्याच्या व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात, हेही लक्षात ठेवा.

म्हणून कातळावरचे, तुमचा झरा नेमका कुठे आहे ते सांगा. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग रत्नागिरी जिल्ह्यात येतो. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असेल तर एक उत्तर, साध्या राखीव वनात असेल तर दुसरं.

कातळावरचा
साधं राखीव वन आहे, चांदोलीच्या हद्दीबाहेर. सातबारा आणि वनखात्याचा नकाशा दोन्ही पाहिले.

वकीलकाका
मग रस्ता आहे. वन हक्क कायदा २००६, कलम ३(२). गावाच्या सोयीसाठी शासनाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. त्या सोयींच्या यादीत पिण्याच्या पाण्याचा पुरवठा, पाण्याचे पाइप आणि लहान जलस्रोत आहेत. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे जातो, मंत्रालयापर्यंत फाइल धाडावी लागत नाही. मात्र सोय शासनाच्या व्यवस्थापनातली हवी. वाडीने वर्गणी काढून टाकलेला पाइप यात बसत नाही, ग्रामपंचायतीने किंवा पाणीपुरवठा विभागाने टाकलेला बसतो.

सुमनताई
म्हणजे पाइप तोच, पाणी तेच, फक्त अर्जदार बदलायचा. एवढं कोणी सांगितलं असतं तर बायकांचा एक उन्हाळा वाचला असता.

खाडीवरची
समुद्राच्या बाजूचा अनुभव लिहिते, कारण तो उपयोगी पडेल. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर. मच्छीमारांना वाटलं आपला समुद्र गेला, आणि तो विरोध अजून निवलेला नाही. दुसरीकडे २०१८ च्या अखेरीस राज्याने ठरवलं की जाळ्यात कासव, डॉल्फिन, बहिरी मासा (व्हेल शार्क) असा संरक्षित जीव सापडला आणि जाळं कापून तो सोडला तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजारांपर्यंत भरपाई. आमच्याकडचे खलाशी आता मोबाइलवर सोडतानाचं चित्रीकरण करून ठेवतात, कारण पुरावा लागतो. वेळास, आंजर्ल्याला कासवांची अंडी राखणारे गावातलेच लोक आहेत.

सांगायचं काय, तर झऱ्याच्या कायद्यात नुसतं 'सोडा' असं लिहू नका. कुंडी भरलेली ठेवणाऱ्या वाडीला टाकी बांधायला, पाइपाला, वनराई बंधाऱ्याला आधी पैसे मिळतील असं लिहा.

हापूसवाला देवगड
खाडीवरचीताई, हे मला पटलं. पण एक शंका अजून आहे. कुंडी भरलेली राहिली म्हणून डुक्कर खाली यायचं थांबणार का? ते पाण्यासाठी येतं तसं कणग्यांच्या कंदांसाठी, काजूच्या बोंडांसाठी येतंच की.

माजी वनरक्षक
थांबणार नाही, खोटं कशाला सांगू. डुक्कर खाण्यासाठी येतंच. पण गवा आणि भेकर यांचं उन्हाळ्यातलं खाली येणं बरंचसं पाण्यासाठी असतं. आणि जंगलाच्या कडेला सिमेंटचे पाणवठे बांधून टँकरने भरायची जी पद्धत आहे, ती जपून करावी. पाणवठा गावाच्या कडेला बांधला की जनावर गावाच्या कडेलाच मुक्काम ठोकतं. वरचा नैसर्गिक झरा जिवंत ठेवणं स्वस्त, आणि जनावर वरच राहतं.

झरा जिवंत ठेवायचा तर वरचं जंगल हवं. जांभ्यातून पाणी चाळणीसारखं निघून जातं. वरच्या मालकी रानातली किंजळ, ऐन, जांभूळ तोडून सलग काजू लावली की पहिल्या दोन-चार वर्षांत काही कळत नाही, मग झरा एप्रिलऐवजी मार्चमध्ये आटतो. देवराईखालचे झरे अजून टिकून आहेत, ते का, हे डोळ्यांनी दिसतं.

उदय_पुणे
मग बोअरवाल्याशी भांडण्यापेक्षा त्याला बोलवा ना ग्रामसभेत. तो काही शत्रू नाही. त्याची काजू वाळली तरी तो बोअर आणखी खाली नेणार.

कातळावरचा
त्यांना फोन केला होता. माणूस चांगला आहे. झरा माझ्यामुळे कमी झाला हे सिद्ध करा, म्हणाले. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही, मला ते सिद्ध करता येणार नाही.

वकीलकाका
मोजायला लागा. एक बादली आणि घड्याळ. बोअर चालू असताना आणि बंद असताना, रोज त्याच वेळी, धार किती सेकंदांत बादली भरते ते वहीत लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला ती वही जोडून पत्र द्या. आणि कोणी उघडा पऱ्ह्या दगडमातीने अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे, तहसीलदारांकडे जायचं, पण सहा महिन्यांच्या आत. बोअरला ते लावणं कठीण.

मालवणी झील
बादलीचो विचार बरो आसा. आमच्याकडे व्हाळार पाळी होती, सूर्य अमुक झाडार इलो की वरच्यांचा पाणी बंद, खालच्यांचा चालू. कोण भांडाक नाय. घड्याळ नव्हता, कायदो नव्हतो.

सुमनताई
भांडत नव्हते असं नाही हो, झील. भांडण झालं की गावकरी देवळात बसून मिटवायचे. आणि त्या बैठकीत बायका नसायच्या. आता ग्रामसभेत महिलांची सभा आधी होते, तिथे हा विषय घ्या. कुंडीत पाणी किती राहतं हे आम्हालाच माहीत असतं.

कातळावरचा
सगळं वाचून १ मेच्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा केलाय. सूचना सांगा.

"वाडीच्या वरील वनक्षेत्रातील झरा हा ग्रामस्थांच्या पिण्याच्या पाण्याचा पिढ्यानपिढ्यांचा स्रोत असून ग्रामपंचायतीने त्याची योजनेचा उद्भव म्हणून नोंद करावी. वन हक्क कायदा २००६, कलम ३(२) अन्वये पाइपलाइनसाठी जागा मिळण्याची ही ग्रामसभा शिफारस करीत आहे. पाइप कुंडीच्या तळाशी न बसवता ओसंडीच्या पातळीवर बसवावा, जेणेकरून कुंडी सदैव भरलेली राहील व वन्यप्राण्यांना पाणी मिळेल. झऱ्यावर मोटार बसवू नये. स्रोताजवळ नवीन विंधन विहिरीस परवानगी देताना ग्रामसभेचे मत घ्यावे."

आमदारांना द्यायच्या निवेदनात वेगळी मागणी: झऱ्यांची गावनिहाय नोंद, झऱ्याच्या पाण्याचा काही भाग जागेवर सोडणं बंधनकारक करणारी तरतूद, आणि विहिरींना कठडा. पाणी राज्याचा विषय आहे, तेव्हा ही दुरुस्ती करायला दिल्लीला जावं लागत नाही.

माजी वनरक्षक
ओसंडीच्या पातळीवर पाइप, हे वाचून बरं वाटलं. पाइपाच्या तोंडाला कापड बांधू नका, जाळी बसवा, नाहीतर बेडकाची पिल्लं आत ओढली जातात आणि खाली नळ तुंबतो.

सुमनताई
ओसंडीवर पाइप म्हटलं की एप्रिलमध्ये धार बारीक येणार, हे वाडीला आधी सांगा. त्यासाठी खाली साठवण टाकी हवी, रात्रभर भरून राहील अशी. टाकीचा शब्द ठरावात घाला, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात कोणीतरी वैतागून पाइप तळाला नेईल.

कातळावरचा
घातला. "वाडीलगत साठवण टाकी बांधावी."

हापूसवाला देवगड
माझ्या ग्रामपंचायतीत कठड्याचा ठराव मी मांडतो. आणि मोहोराच्या पंचनाम्याचं काय करता येईल त्यावर धागा काढतो, वकीलकाका तिथे या.

वकीलकाका
येतो. कातळावरचे, शेवटची सूचना. ठरावाची प्रत घेताना ठराव क्रमांक, सूचक-अनुमोदकाची नावं आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही बघून घ्या. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची जागेवरची पाहणी काहीही करून मे महिन्यातच मागा. मृग लागल्यावर पाहणीला आले तर त्यांना कुंडी भरलेली, पऱ्ह्या वाहता आणि विहिरी तुडुंब दिसतील आणि अहवालात लिहिलं जाईल की पाण्याची टंचाई आढळली नाही.